गेटवरची नंबरप्लेट वाचायची तर पैसे उजेडावर आणि लेन्सवर घाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मध्यम आकाराची फाउंड्री, दोन गेट. स्क्रॅप, पिग आयर्न, वाळू घेऊन येणारे ट्रक, जॉबवर्कचे टेम्पो, तयार कास्टिंग घेऊन पुण्याकडे आणि बेळगावकडे जाणाऱ्या गाड्या. वॉचमन आवक-जावक रजिस्टरमध्ये नंबर लिहितो, पण रात्रपाळीतले बरेच नंबर नंतर वाचता येत नाहीत. वजनकाट्याची पावती, चलन आणि रजिस्टर यांचा मेळ बसवताना अकाउंट्सवाल्यांचा दिवस जातो. एका विक्रेत्याने काही लाखांचं कोटेशन दिलंय. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर) आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरून हे स्वस्तात होईल का, आणि भरवसा किती ठेवता येईल?

होईल. एका गेटला साधारण तीस ते चाळीस हजारांत होईल, आणि नीट केलं तर रोजच्या कामाला पुरेल इतकं अचूक होईल. पण ज्यांनी हा प्रयोग करून मध्येच सोडून दिला, त्यांच्यापैकी बहुतेकांचं सॉफ्टवेअर चांगलंच होतं. गडबड होती ती कॅमेऱ्याकडून येणाऱ्या चित्रात. गेटवर आधीच बसवलेल्या सीसीटीव्हीचं फुटेज घ्यायचं, त्यावर चित्रातून नंबर ओळखणारं भारी मॉडेल चालवायचं आणि नंबर मिळण्याची वाट बघायची, या वाटेने कोणालाच यश येत नाही. ज्या चित्रात माणसालाच नंबर वाचता येत नाही, त्यातून यंत्राने काढलेला नंबर म्हणजे अंदाज. म्हणून या उत्तरात मी निम्म्याहून जास्त जागा कॅमेरा, लेन्स, शटर आणि उजेड यांना देणार आहे.

आधी साधं गणित करू. चारचाकीची एका ओळीची उच्च सुरक्षा प्लेट ५०० मिलिमीटर रुंद आणि १२० मिलिमीटर उंच असते. ट्रकची दोन ओळींची प्लेट ३४० बाय २००. मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकी आणि तीनचाकी सोडल्या तर बाकी गाड्यांवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच, त्याची रेघ १० मिलिमीटर जाड आणि दोन अक्षरांतली मोकळी जागा १० मिलिमीटर हवी. वाचक मॉडेलला नीट काम करायचं तर अक्षराची उंची चित्रात किमान २० पिक्सेल असावी, ३० असली तर उत्तम.

आता तुमच्या गेटवर बहुधा २.८ मिलिमीटरच्या लेन्सचा कॅमेरा असेल, कारण सरसकट तोच बसवतात. त्याला अख्खं गेट, शेजारचं झाड आणि समोरचा रस्ता दिसतो. दोन मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर भागिले लेन्सचा आकडा, असं केलं की समोर किती रुंदीचा भाग दिसतो ते कळतं. आठ मीटरवर २.८ च्या लेन्सला सुमारे १६ मीटर रुंद पट्टा दिसतो. १९२० पिक्सेल १६ मीटरवर पसरले म्हणजे मीटरला १२० पिक्सेल. प्लेटला आले ६० आणि अक्षराच्या उंचीला आठही नाहीत. खेळ तिथेच संपला. त्याच जागी १२ मिलिमीटरची लेन्स लावली तर पट्टा पावणेचार मीटरच्या जवळ येतो, प्लेटला अडीचशेहून जास्त पिक्सेल मिळतात आणि अक्षर तिसावर जातं. कॅमेरा तितक्याच मेगापिक्सेलचा, किमतीतही फार फरक नाही. म्हणून २.८ ते १२ चा व्हेरिफोकल कॅमेरा घ्या, म्हणजे जागेवर उभं राहून हवं तेवढं जवळ आणता येतं. हा कॅमेरा फक्त नंबरासाठी ठेवायचा. गेटची राखण करायला तुमचा जुना कॅमेरा आहेच. एकाच कॅमेऱ्यातून दोन्ही कामं काढायला गेलं की दोन्ही बिघडतात.

दुसरी गोष्ट शटर. ताशी २० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साडेपाच मीटर सरकते. रात्री ऑटोवर सोडलेला कॅमेरा उजेड मिळावा म्हणून शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत उघडं ठेवतो, आणि तेवढ्यात गाडी १८ सेंटिमीटर पुढे आलेली असते. गाडी कॅमेऱ्याच्या रोखाने येत असेल तर चित्रात ही हालचाल कमी दिसते हे खरं, पण दहा मिलिमीटरच्या रेघेचा भुगा व्हायला तेवढीही पुरते. शटर हाताने सेट करा: दिवसा सेकंदाचा हजारावा भाग, रात्री पाचशेवा. ताशी १० किलोमीटरच्या वेगाला पाचशेव्या भागात गाडी साडेपाच मिलिमीटरच सरकते, म्हणजे रेघेच्या जाडीच्या निम्मी. आणि गाडी ताशी दहावर आणायला काही यंत्रणा लागत नाही. कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या दोन मीटर आधी एक गतिरोधक घाला. मला या सगळ्या जोडणीत पैशाला पैसा वसूल करणारी वस्तू कोणती असं विचाराल तर मी गतिरोधक सांगेन. जिथे गाडी मुळातच थांबते, म्हणजे बॅरिअरपाशी किंवा वजनकाट्यावर, तिथे कॅमेरा लावता आला तर त्याहून चांगलं.

शटर जलद केलं की चित्र काळोखं होतं, म्हणून उजेड हवा. इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. उच्च सुरक्षा प्लेट १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना कारखान्यातूनच बंधनकारक आहे. जुन्या गाड्यांना ती बसवायची मोहीम महाराष्ट्रात २०२५ मध्ये बरीच मुदतवाढ घेत चालली. या प्लेटवरची चमकदार फिल्म आलेला प्रकाश आल्या वाटेने परत फेकते. त्यामुळे इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्याच्या जवळ ठेवला की रात्री बाकी सगळं काळं आणि प्लेट तेवढी लख्ख, असं फार सुंदर चित्र मिळतं. पण तुमच्या गेटवर येणाऱ्या जुन्या ट्रकांचे नंबर पेंटरने ब्रशने काढलेले असतात. तो रंग प्रकाश परत फेकत नाही. काही रंग आणि स्टिकर तर इन्फ्रारेडमध्ये पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळून जातात. डोळ्याला नंबर ठसठशीत दिसतो आणि कॅमेऱ्याला कोरी पाटी. मिश्र गाड्यांच्या गेटवर म्हणून मी रात्रीही साधा पांढरा एलईडी फ्लडलाइट वापरायला सांगतो. तो कॅमेऱ्यापासून दीड-दोन मीटर बाजूला, थोडा तिरका लावायचा, म्हणजे नव्या प्लेटवर चकाकी येत नाही आणि जुनीही उजळते. दिवा स्वस्तातला घेऊ नका. ज्यांच्यातला ड्रायव्हर, म्हणजे वीज पुरवणारं सर्किट, हलका असतो ते दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण जलद शटरला एक फ्रेम उजळ आणि दुसरी काळी दिसते. डीसी सप्लायवर चालणारा दिवा घेतला की हा प्रश्न उरत नाही.

कॅमेऱ्याच्या अंगातला इन्फ्रारेड बंद ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे किडे. पावसाळ्यात त्या उबेवर आणि उजेडावर किडे येतात, त्यांच्या मागे कोळी येतो, आणि काचेवरचं जाळं रात्री पांढऱ्या पडद्यासारखं चमकतं. दिवा लांब असला की जाळं दिव्यावर लागतं.

कॅमेऱ्याची उंची तीन मीटरपेक्षा जास्त नको. आठ मीटरवरून तीन मीटर उंची म्हणजे साधारण वीस अंशांचा उतार, तेवढा चालतो. आडव्या दिशेनेही तीस अंशांच्या आत राहा. गेटचं तोंड पश्चिमेला असेल तर संध्याकाळचा सूर्य थेट लेन्समध्ये येईल. तेव्हा कॅमेरा गेटच्या आतून बाहेर बघणारा लावण्याऐवजी बाजूच्या खांबावरून तिरका लावा. कॅमेऱ्यातली वाइड डायनॅमिक रेंज बंद करा, कारण ती बहुधा दोन वेगवेगळ्या वेळांची चित्रं एकत्र करते आणि हलत्या गाडीवर सावली उमटते. हेडलाइटचा झोत दाबणारी सोय असेल तर ती चालू करा.

पुढची प्लेट घ्यावी की मागची? ट्रकची पुढची. मागची फाळक्याखाली, दोरखंडाखाली आणि चिखलाखाली असते. दुचाकीचं नेमकं उलट: तिची पुढची प्लेट २८५ बाय ४५ ची अरुंद पट्टी, मागची २०० बाय १०० ची. कामगारांच्या दुचाकी नोंदवायच्या असतील तर त्यासाठी वेगळा, मागून बघणारा कॅमेरा लागेल. माझं मत विचाराल तर दुचाकी सोडून द्या. त्यांची हजेरी तुमच्याकडे दुसरीकडे लागतेच.

आता कॉम्प्युटर. रास्पबेरी पाय ५ वर हे चालतं. गाड्या एकेक करून, थांबत येत असतील तर सेकंदाला मोजक्या फ्रेम वाचल्या तरी भागतं. तरीही मी पायऐवजी ऑफिसमधून निघालेला, सहाव्या ते आठव्या पिढीच्या इंटेल आय-फाइव्हचा छोटा डेस्कटॉप घ्यायला सांगेन. रिफर्बिश्ड मिळतो, पाय, त्याचा सप्लाय, केस आणि एसएसडी हे सगळं धरलं तर किमतीत फार फरक राहत नाही. तो बिघडला तर गावातला कोणताही दुरुस्तीवाला उघडून बघू शकतो, आणि इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर ओपनव्हिनो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने मॉडेल चांगलं पळतं. पायच घेणार असाल तर मेमरी कार्डवर डेटाबेस ठेवू नका. सतत लिहून लिहून कार्ड मरतं, आणि ते बहुधा महिन्याच्या शेवटी मरतं.

फाउंड्री आहे म्हणून विजेबद्दल वेगळं सांगायला हवं. इंडक्शन फर्नेस चालू असताना लाइनवर हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतले बिघाड) येतात, व्होल्टेज खाली-वर होतं. गेटचा सप्लाय फर्नेसच्या फीडरवरून घेऊ नका, ऑफिसच्या लाइटिंगच्या लाइनवरून घ्या आणि मध्ये यूपीएस ठेवा. नेटवर्कची तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंतच चालते. गेट ते ऑफिस अंतर त्याहून जास्त असेल, किंवा केबल फर्नेसच्या शेडजवळून जाणार असेल, तर सरळ फायबर टाका आणि दोन्ही टोकांना फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा मीडिया कन्व्हर्टर लावा. फायबरला विजेचा गोंगाट बाधत नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या विजाही फायबरमधून आत येऊन कॉम्प्युटर जाळत नाहीत. आणि कॉम्प्युटर वॉचमनच्या केबिनमध्ये जमिनीवर ठेवू नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीपाशी हायवेवर पाणी येऊन वाहतूक काही दिवस बंद होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. वरच्या मजल्यावर ठेवा.

लेन्सवर काळी वाळू आणि सी-कोलची (वाळूत मिसळायच्या कोळशाच्या पुडीची) धूळ बसते. आठवड्याला एकदा ओल्या मऊ फडक्याने काच पुसायची, हे काम नावाने कोणाला तरी द्या. नाव नसलं तर ते काम कोणाचंच नसतं.

सॉफ्टवेअरकडे येऊ. शोधायला गेलात की सगळ्यात आधी ओपनएएलपीआर हे नाव सापडेल. एकेकाळी ते चांगलं होतं, पण त्याची मोफत आवृत्ती अनेक वर्षं पुढे सरकलेली नाही आणि ती बनवणारी कंपनी २०१९ मध्ये विकली गेली. आज नव्याने सुरू करताना त्यात वेळ घालू नका. टेसरॅक्टही बाजूला ठेवा. ते छापील कागद वाचण्यासाठी घडलं आहे, तिरक्या, मळलेल्या प्लेटवर दगा देतं.

आज दोन वाटा चांगल्या आहेत. पहिली फ्रिगेट. हे घरगुती आणि छोट्या जागांसाठीचं मोफत कॅमेरा रेकॉर्डर सॉफ्टवेअर आहे, एमआयटी परवान्याचं, आणि ०.१६ आवृत्तीपासून त्यात नंबरप्लेट वाचन आतच आहे. सगळं तुमच्याच मशीनवर चालतं, चित्र बाहेर कुठे जात नाही. ओळखीच्या गाड्यांची यादी देता येते, एखाद्या अक्षराचा फरक चालवून घ्यायला सांगता येतं, आणि वाचलेला नंबर एमक्यूटीटीवरून (प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप द्यायची साधी पद्धत) दुसऱ्या प्रोग्रॅमला मिळतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नेहमीच्या मांडणीत ते आधी गाडी ओळखतं आणि मग तिच्यावर प्लेट शोधतं. आपण कॅमेरा इतका जवळ आणलाय की ट्रकचं बंपर आणि जाळीच दिसते, गाडी म्हणून काही ओळखू येत नाही. त्यासाठी फ्रिगेटमध्ये कॅमेरा फक्त नंबरप्लेटसाठी आहे असं जाहीर करण्याची वेगळी सोय आहे, ती वापरा. साखर कारखान्याच्या ऊस यार्डात तर याच्याशिवाय गत्यंतर नाही, कारण गाड्या ओळखणारी बहुतेक तयार मॉडेलं कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेली असतात, आणि त्याच्या ८० प्रकारांत कार, बस, ट्रक, मोटरसायकल आहे, ट्रॅक्टर नाही. शिवाय तिथे ट्रॅक्टरचा नंबर पुढे आणि ट्रॉलीचा वेगळाच नंबर मागे, असा दुहेरी हिशोब असतो.

दुसरी वाट फास्टएएलपीआर ही पायथन लायब्ररी. प्लेट शोधणारं छोटं योलो मॉडेल आणि अक्षरं वाचणारं छोटं मॉडेल, दोन्ही ओनएक्सवर (मॉडेल चालवण्याची एक खुली पद्धत) साध्या प्रोसेसरलाही झेपतात. ज्याला थोडं पायथन येतं त्याने ही वाट घ्यावी, कारण पुढची सगळी अक्कल आपल्याला हवी तशी घालता येते. एक खाचखळगा आधीच सांगतो. वाचणारं मॉडेल जास्तीत जास्त किती अक्षरं देतं ते तपासा. आपला पूर्ण नंबर, म्हणजे एमएच ०९ मग दोन अक्षरं मग चार अंक, मोजला तर दहा रकाने होतात. जगभरच्या प्लेटवर शिकवलेली काही मॉडेलं नऊ रकान्यांवर थांबतात आणि शेवटचा अंक गुपचूप गिळतात. तसं दिसलं तर पॅडलओसीआर हे अक्षरं वाचणारं दुसरं मोफत साधन वापरा किंवा स्वतःच्या प्लेटवर मॉडेल दहा रकान्यांचं पुन्हा शिकवा.

परवान्याबद्दल दोन वाक्यं. योलोच्या सगळ्यात लोकप्रिय आवृत्त्या एजीपीएल परवान्याखाली येतात, ज्यात सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं तर त्याचा कोडही खुला करावा लागतो. स्वतःच्या गेटवर चालवणं वेगळं आणि तेच बांधून शेजारच्या कारखान्याला विकणं वेगळं. पुढे विकायचा विचार असेल तर सुरुवातीपासून एमआयटी किंवा अपाची परवान्याचेच भाग निवडा.

आता अचूकतेचा प्रश्न. कोणी ९७ टक्के म्हणालं तर कशाचे ९७, हे विचारा. एकेक अक्षर ९७ टक्के वेळा बरोबर येत असेल, तर दहाही अक्षरं एकदम बरोबर येण्याची शक्यता ७४ टक्क्यांच्या आसपास उरते. ९९ टक्के असेल तर नव्वद. म्हणजे शंभरातल्या दहा गाड्यांचा नंबर चुकीचा, आणि तुमचा हिशोब पुन्हा बिघडला. हे अंतर भरून काढायचे उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि ते फुकट आहेत.

पहिला उपाय, एका फ्रेमवर विसंबू नका. ताशी दहाने येणारी गाडी चार मीटरच्या पट्ट्यात जवळपास दीड सेकंद असते. सेकंदाला दहा फ्रेम घेतल्या तर तिचे चौदा-पंधरा फोटो मिळतात. प्रत्येकातून नंबर वाचा आणि प्रत्येक जागी कोणतं अक्षर जास्त वेळा, जास्त खात्रीने आलं ते निवडा. धूळ, सावली, वायपरचं पाणी दर फ्रेमला वेगळ्या ठिकाणी असतं, त्यामुळे चुका एकमेकींना खोडतात. यातून जेवढी सुधारणा होते तेवढी मोठं मॉडेल घेऊनही होत नाही.

दुसरा उपाय, नंबराची घडण वापरा. पहिल्या दोन जागी अक्षरंच असणार, पुढच्या दोन जागी बहुतेक वेळा अंकच, शेवटच्या चार जागी अंकच. तिसऱ्या जागी मॉडेलने इंग्रजी ओ वाचला तर तो शून्य आहे. शेवटच्या चारांत बी आला तर तो आठ, एस आला तर पाच, झेड आला तर दोन, आय आला तर एक. मधल्या मालिकेची अक्षरं एक, दोन किंवा तीन असू शकतात, तिथे उलट दुरुस्ती करा. पण भारत मालिकेला हा साचा लागू नाही. २०२१ पासून निघालेल्या त्या नंबरांत आधी वर्षाचे दोन अंक, मग बीएच, मग चार अंक आणि शेवटी अक्षरं. तिला वेगळा साचा द्या. साच्यात न बसणारं सगळं टाकून द्या, म्हणजे बंपरवरचा मोबाइल नंबर, ‘हॉर्न ओके प्लीज’ आणि नॅशनल परमिटची अक्षरं आपोआप गळतात. राज्याचा कोडही तपासा. तुमच्याकडे एमएच ०९, सांगलीचा १०, साताऱ्याचा ११, पुण्याचे १२ आणि १४, कर्नाटकचे केए २२ आणि २३ हेच जास्त दिसणार. पण न दिसलेला कोड चुकीचाच असं धरू नका. स्क्रॅपची गाडी कुठूनही येते.

तिसरा उपाय ओळखीच्या गाड्यांची यादी. फाउंड्रीच्या गेटवर त्याच त्या गाड्या पुन्हा पुन्हा येतात. वाचलेला नंबर यादीतल्या एखाद्यापासून एकाच अक्षराने वेगळा असेल तर तोच असेल, हे पटकन सुचतं. इथे सांभाळा. ट्रान्सपोर्टवाले एकदम चार-पाच गाड्या घेतात आणि त्यांचे नंबर पाठोपाठचे असतात. एका अंकाच्या फरकाने एका मालकाच्या गाडीचं वजन दुसऱ्या गाडीच्या नावावर पडलं तर भांडण लागतं. दुरुस्ती आपोआप करायची ती दोनच अटींवर: यादीत तसा एकच नंबर असावा, आणि चुकलेली जोडी आठ-बीसारखी दिसायला सारखी असावी. तीन आणि चार यांची अदलाबदल कधीही आपोआप करू नका. मॉडेलने मुळात काय वाचलं ते आणि प्लेटचा फोटो, दोन्ही जपून ठेवा.

दोन ओळींच्या प्लेटला वेगळं वागवा. प्लेटची रुंदी भागिले उंची अडीचपेक्षा कमी आली तर ती दोन ओळींची समजा, वरचा आणि खालचा भाग वेगळा कापून वाचा आणि जोडा. नाही तर मॉडेल दोन्ही ओळींचा काला करतं.

आणि मग येतात आपल्या खास पाट्या. चार-एक-चार-एक हा नंबर असा वळवून काढलेला की ‘दादा’ वाचावं, आठ-शून्य-पाच-पाच असा की इंग्रजीत ‘बॉस’ व्हावं, किंवा सगळा नंबर देवनागरी अंकांत. नियमात हे बसत नाही, पण गेटवर येतं. तयार मॉडेलं यावर अडखळणारच. अशा गाड्या आठवड्याला दोन-चार असतील तर हाताने नोंदवा. जास्त असतील तर तुमच्याच गेटवरचे काहीशे फोटो सीव्हॅट किंवा लेबल स्टुडिओ या मोफत साधनांत खुणा करून मॉडेलला शिकवा. पेंटरच्या हातच्या अक्षरांसाठीही हाच उपाय आहे. शिकवताना काही दिवसांचे फोटो पूर्ण बाजूला ठेवा आणि तपासणी त्यांच्यावरच करा. तपासणीचे आकडे दिवस, रात्र आणि पाऊस असे वेगवेगळे काढा. एकत्र सरासरीत रात्र लपून जाते, आणि तुमचा प्रश्नच रात्रपाळीचा आहे.

चुकीचा नंबर हा न वाचलेल्या नंबरापेक्षा वाईट. म्हणून खात्रीची मर्यादा कडक ठेवा. तिच्याखालचं सगळं वॉचमनच्या समोरच्या स्क्रीनवर फोटोसह यावं, त्याने नंबर बघून दुरुस्त करावा आणि एक बटण दाबावं. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण बरेच मालक ही यंत्रणा वॉचमन कमी करायला म्हणून मागवतात. गाडीत माल आहे की नाही, ताडपत्री बांधली आहे का, ड्रायव्हर नेहमीचा आहे का, हे कॅमेऱ्याला कळत नाही. आणि प्लेट बघून बॅरिअर आपोआप उघडू देऊ नका. कागदावर छापलेला नंबर चिकटवूनही तो उघडतो.

नोंद साधी ठेवा. एसक्यूलाइट हा छोटा मोफत डेटाबेस पुरेसा आहे: नंबर, वेळ, आत की बाहेर, फोटो, कोणी दुरुस्त केलं. कॅमेरा, कॉम्प्युटर आणि वजनकाट्याचं मशीन यांची घड्याळं एकाच टाइम सर्व्हरला बांधा, नाही तर मेळ घालताना पुन्हा रजिस्टरच उघडावं लागेल. ई-वे बिलाच्या ‘भाग ब’मध्ये गाडीचा नंबर असतोच. गेटवरचा नंबर, काट्यावरचा नंबर आणि त्या बिलातला नंबर हे तिन्ही एका ओळीत दिसले की तुमच्या अकाउंट्सचं काम हलकं होतं. यातला एक फायदा सहसा कोणी बोलत नाही. माल उतरवायला ट्रक तासन्‌तास गेटबाहेर उभा राहतो आणि हॉल्टिंगचे पैसे मागताना ड्रायव्हरकडे पुरावा नसतो. तुमच्याकडे आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ फोटोसह असेल तर ती त्यालाही दाखवा. त्यासाठी गेटबाहेर गाडी रांगेला लागते तिथेही नोंद व्हावी अशी सोय करता आली तर मला मनापासून आनंद होईल.

नंबर म्हणजे कोणा माणसाची माहिती आहे, हेही धरून चाला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. गेटवर मराठीत पाटी लावा की इथे गाड्यांचे नंबर नोंदवले जातात आणि कशासाठी. हिशोब मिटेपर्यंत फोटो ठेवा, नंतर आपोआप पुसले जातील असं करून ठेवा. रस्त्यावरून नुसत्या जाणाऱ्या गाड्या कॅमेऱ्यात येत असतील तर तो भाग झाकून टाका. नंबरावरून मालकाचं नाव-पत्ता विकणाऱ्यांच्या नादाला लागू नका, तुम्हाला त्याची गरजच नाही.

खर्चाचा ढोबळ अंदाज: व्हेरिफोकल आयपी कॅमेरा पाच ते आठ हजार, दिवा आणि त्याचा सप्लाय दोन ते तीन, जुना आय-फाइव्ह डेस्कटॉप एसएसडीसह दहा ते चौदा, पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) दोन, यूपीएस तीन ते चार, खांब, बॉक्स, केबल आणि मजुरी पाच ते सहा. फायबर लागलं तर तीन-चार हजार वर. सॉफ्टवेअर शून्य, पण ते बसवणाऱ्याचा वेळ शून्य नाही. तुमच्याकडे पायथन जाणणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्या वेळेची किंमत यात धरा आणि त्यांना ती द्या.

सुरुवात काटा असलेल्या गेटपासून करा, कारण तिथे गाडी थांबतेच. निदान दोन आठवडे रजिस्टर आणि यंत्रणा शेजारी शेजारी चालवा, रोज संध्याकाळी दोन्ही ताडून बघा. किती गाड्या सुटल्या, किती चुकल्या आणि किती वॉचमनकडे गेल्या, हे तीन आकडे वेगळे लिहा. दुसऱ्या गेटला नवा कॉम्प्युटर लागणार नाही. हालचाल दिसल्यावरच मॉडेल चालवलं तर तोच डेस्कटॉप दोन्ही कॅमेरे सांभाळतो, तिथे फक्त कॅमेरा, दिवा, केबल आणि गतिरोधक यांचा खर्च येईल.